ॲक्सिस पळतो तेव्हा आणि सिल्वी पळते तेव्हा

मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाने प्रश्न विचारला आहे. त्याने ‘बबलगम क्रायसिस’ ही जुनी जपानी ॲनिमे पाहिली. तिच्यात लढाईसाठी बनवलेले माणसासारखे दिसणारे रोबोट शहरात बेफाम होतात आणि पोलिसांचं त्यांच्यापुढे काही चालत नाही. असं खरंच घडू शकतं का, घडलं तर नेमकं कशामुळे, आणि जपानी लोक हीच गोष्ट पुन्हा पुन्हा का सांगतात, असे त्याचे तीन प्रश्न आहेत. शेवटी तो लिहितो, ‘मला रोबोटिक्समध्येच जायचं आहे, म्हणून विचारतोय.’ त्या एका वाक्यासाठी मी सविस्तर लिहिते आहे.

गेली २३ वर्षं मी कारखान्यांत रोबोट बसवणं, ते चालू करून देणं आणि त्यांची सुरक्षा तपासणं हे काम करते. त्यातली दीड वर्षं जपानमध्ये, आयची प्रांतात गेली. ही मालिका मी तिथेच पहिल्यांदा पाहिली, एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या घरी. ते त्या वेळी निवृत्तीला आले होते. १९८०च्या दशकात, म्हणजे जपानी कारखान्यांत रोबोट धडाधड येऊ लागले तेव्हा, ते तरुण फिटर होते. १९८० या वर्षाला जपानमध्ये रोबोटच्या प्रसाराचं पहिलं वर्ष म्हणतात. तेव्हाचे कामगार आपल्या रोबोटना लाडाने लोकप्रिय गायिकांची नावं देत. माझ्या या सहकाऱ्यांच्या लाइनवरही तसंच होतं, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जुन्या सोबत्याची आठवण निघाल्यासारखा भाव यायचा.

त्यांच्याकडून मी एक शब्द शिकले, ‘बोसो’. दोन अक्षरांचा शब्द आहे: पहिल्याचा अर्थ हिंसक, अनावर, आणि दुसऱ्याचा धावणं. ॲनिमेत रोबोट बेफाम झाला की हाच शब्द कानावर पडतो. कारखान्यात मोटर ताब्याबाहेर गेली तरी हाच. आणि रात्री सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकली घेऊन रस्ते अडवणाऱ्या पोरांच्या टोळ्यांना जपानी लोक ‘बोसोझोकु’ म्हणतात, त्यातही हाच. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला या टोळ्या जोरात होत्या, त्यामुळे १९८७ साली ही मालिका पाहणाऱ्याला ‘बोसो’ म्हटल्यावर यंत्राआधी आपल्या गल्लीतली पोरं आठवली असणार. चौथ्या भागात तर दोन्ही अर्थ एकमेकांवर आदळतात. बाइकवाल्यांनी एका शर्यतपटूच्या मैत्रिणीवर हल्ला केलेला असतो. तो सूड घ्यायला एक भयंकर गाडी तयार करतो, बाइकवाल्यांच्या मागे लागतो, आणि शेवटी ती गाडी त्याचंही ऐकेनाशी होते. मोटरसायकलींची बोसो आणि यंत्राची बोसो एकाच रस्त्यावर.

आपल्याकडेही याला एक शब्द आहे, पण तो पुस्तकात सापडत नाही. भोसरी-चाकणच्या शॉप फ्लोअरवर सर्वो मोटरचा ताबा सुटला की म्हणतात, ‘ॲक्सिस पळाला.’ ॲक्सिस म्हणजे यंत्राचा एका मोटरने हलणारा भाग. मला हा शब्द फार आवडतो, कारण मराठीत पळतो तो कैदीही असतो आणि उधळलेला बैलही. माझ्या सगळ्या उत्तराची मेख या दोन अर्थांमधल्या फरकात आहे. आधी उधळण्याबद्दल सांगते.

सर्वो मोटर म्हणजे काय, तर हुकूम आणि हालहवाल यांची सतत चाललेली तुलना. कंट्रोलर सांगतो, हात इथपर्यंत ने. मोटरच्या मागे बसवलेला एन्कोडर सांगतो, आत्ता मी इथे आहे. दोन्हींत जितका फरक, तितका जोर मोटर लावते. फरक शून्य झाला की थांबते. सेकंदाला हजारो वेळा हे चालू असतं. आता समजा एन्कोडरची तार तुटली. कंट्रोलरला वाटतं, हात जागचा हललेलाच नाही. म्हणून तो जोर वाढवतो. हात प्रत्यक्षात सुसाट निघालेला असतो, पण बातमी येते ‘अजून तिथेच’. म्हणून आणखी जोर. मोटर काही क्षणांत पूर्ण ताकदीने शेवटच्या टोकाकडे धावते. यंत्राला राग आलेला नसतो, वेडही लागलेलं नसतं. दिलेला हुकूम ते जिवापाड पाळत असतं, फक्त आपण कुठे आहोत हे त्याला कळेनासं झालेलं असतं.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका कारखान्यात छताखालच्या रुळांवरून जड भाग उचलून नेणारी गॅन्ट्री होती. रात्रपाळीत तिचा मुख्य ॲक्सिस पळाला आणि टोकाच्या रबरी बफरवर इतक्या जोरात आदळला की बफरचे तुकडे कुंपणाबाहेर आले. दहा मिनिटांपूर्वी एक हेल्पर मुलगा त्याच रुळाखाली पुसत होता. दार बंद करून तो बाहेर आला होता म्हणून वाचला. मी सकाळी पोचले तेव्हा सुपरवायझरचा अहवाल तयार होता आणि त्याचं पहिलं वाक्य होतं: ‘मशीन अचानक बेफाम झाले.’

आम्ही केबल चेन उघडली. वर्षानुवर्षं वाकून-वाकून एन्कोडरची एक तार आतून तुटली होती. पण तार तुटणं नवीन नाही. तारा तुटतातच, आणि ते गृहीत धरूनच यंत्र बनवतात. त्या ड्राइव्हमध्ये, म्हणजे मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीत, तार तुटली की लगेच मोटर बंद करण्याची सोय होती. अधूनमधून खोटा अलार्म येतो, उत्पादन थांबतं, म्हणून कोणीतरी ती सोय बंद करून ठेवली होती. हुकूम आणि हालहवाल यांत किती फरक पडला की थांबायचं, त्याची मर्यादा असते. तीही कोणीतरी इतकी सैल करून ठेवली होती की ती असून नसल्यासारखी. दोन्ही बदल माणसांनी केले होते, वेगवेगळ्या वर्षी, दोघांनीही लाइन चालू राहावी म्हणून. ‘मशीन अचानक बेफाम झाले’ या वाक्यात ही दोन्ही माणसं गायब होती. सुपरवायझर खोटं बोलत नव्हता. त्याला दिसलं तेच त्याने लिहिलं. पण ते वाक्य तसंच राहिलं असतं तर नवीन केबल टाकून लाइन पुन्हा सुरू झाली असती आणि त्या मुलाच्या डोक्यावरचा धोका तसाच राहिला असता. त्या दिवसापासून ‘बेफाम’ हा शब्द कोणी लिहिला की मी आधी लिहिणाऱ्याकडे पाहते आणि मग यंत्राकडे.

आता शस्त्रांकडे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: लष्करी यंत्रांनी आपल्याच माणसांवर मारा करणं हे घडलेलं आहे, आणि त्यासाठी अँड्रॉइड, म्हणजे माणसासारखे दिसणारे रोबोट, लागले नाहीत.

४ जून १९९६ रोजी हवाईच्या पश्चिमेला समुद्रात जपानी आणि अमेरिकी आरमाराचा सराव चालू होता. जपानच्या ‘युगिरी’ या विनाशिकेवर फॅलँक्स ही तोफ होती. एकदा परवानगी दिली की लक्ष्य शोधणं, त्याचा माग काढणं आणि मारा करणं हे सगळं ती स्वतः करते. एक अमेरिकी ए-६ विमान लांब दोरीने सरावाचं लक्ष्य ओढत नेत होतं. तोफेने लक्ष्य सोडून विमानच पाडलं. दोन्ही वैमानिक उडी मारून वाचले. चौकशीत निघालं ते हे की विमान तोफेच्या टप्प्याबाहेर जायच्या आधीच माणसाने माऱ्याचा हुकूम दिला होता. तोफेच्या लेखी आकाशात एक हलणारी वस्तू होती आणि तिला परवानगी मिळालेली होती. त्यानंतर २००३ सालच्या इराक युद्धात, २३ मार्चला, अमेरिकेच्या पॅट्रियट यंत्रणेने ब्रिटनचं टोर्नेडो विमान शत्रूचं क्षेपणास्त्र समजून पाडलं. आतले दोघेही गेले. दहा दिवसांनी पॅट्रियटनेच अमेरिकेच्या आरमाराचं एक एफ-१८ विमान पाडलं. आणि ऑक्टोबर २००७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत लोहात्ला इथल्या सरावात एका स्वयंचलित विमानविरोधी तोफेने आपल्याच ९ सैनिकांचा जीव घेतला.

कारखान्यातली एक घटनाही यात धरायला हवी, कारण ती या मालिकेच्या जन्माआधी सहाच वर्षं घडली. जुलै १९८१ मध्ये जपानमधल्या आकाशी शहरातल्या कावासाकीच्या कारखान्यात एक ३७ वर्षांचा कामगार कुंपण ओलांडून बिघडलेल्या रोबोटकडे गेला. रोबोट पूर्ण बंद झालेला नव्हता. त्याच्या हाताने कामगाराला मागून ढकललं आणि तो शेजारच्या यंत्रावर दाबला गेला. माझे सहकारी सांगत, त्या बातमीनंतर कित्येक दिवस लाइनवर कोणी रोबोटला नावाने हाक मारली नाही. आज रोबोट हाताने शिकवताना त्याचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जाऊ देत नाहीत. टीच पेंडंटवरचं, म्हणजे शिकवताना हातात धरायच्या नियंत्रकावरचं, बटण सोडलं तरी रोबोट थांबतो आणि घाबरून घट्ट आवळलं तरी थांबतो, कारण घाबरलेला माणूस या दोन्हींपैकी काहीही करू शकतो. असे नियम कागदावर सुचलेले नाहीत, ते अशा माणसांमुळे आले आहेत.

या पार्श्वभूमीवर ‘बबलगम क्रायसिस’ पुन्हा पाहा. फेब्रुवारी १९८७ ते जानेवारी १९९१ या काळात तिचे ८ भाग थेट व्हिडिओवर निघाले. ठरले होते १३, पण निर्मात्यांच्या आपसातल्या वादात ती तिथेच थांबली. कथा २०३२ सालातली. २०२५ मध्ये मोठ्या भूकंपाने टोकियो उद्ध्वस्त झालं आहे, जेनोम नावाच्या बलाढ्य कंपनीने शहराचा ताबा घेतल्यासारखं आहे, आणि ‘बूमर’ नावाचे तिचे रोबोट सगळीकडे कामाला आहेत. बूमरना आवरायला ए.डी. पोलीस नावाचं खास पथक आहे. ते कमी पडतं तिथे चार मुली यांत्रिक चिलखत घालून उतरतात: सिलिया, प्रिस, लिन्ना आणि नेने. यातली नेने त्याच पोलीस खात्यात नोकरीला आहे. सिलियाच्या वडिलांनी बूमर शोधून काढले आणि कंपनीने त्यांनाच मारलं.

बूमरचं शरीर अभियंत्याच्या नजरेने पाहिलं तर पटत नाही. माणसाची कातडी फाटून आतून दुप्पट मोठं लोखंडी धूड निघतं आणि तोंडातून लेसर सोडतं. एवढी ऊर्जा साठवायची कुठे आणि तयार होणारी उष्णता घालवायची कशी, हे प्रश्न आजही सुटलेले नाहीत. जपानमधल्या फुकुशिमाच्या अपघातानंतर तिथल्या अणुभट्टीत माणूस जाऊ शकत नव्हता आणि रोबोट कामाला येत नव्हते. त्या अनुभवातून अमेरिकेने एक मोठी स्पर्धा घेतली. तिची अंतिम फेरी जून २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे झाली. गाडीतून उतरणं, दार उघडणं, व्हॉल्व्ह फिरवणं, पायऱ्या चढणं अशी कामं होती. जिंकलेल्या कोरियन रोबोटला ती सगळी उरकायला ४४ मिनिटं २८ सेकंद लागली, आणि बाकीच्यांतले कितीतरी दाराशीच आडवे झाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या मरीन सैनिकांनी सामान वाहणारा चार पायांचा रोबोट नाकारला, कारण त्याच्या इंजिनाच्या आवाजाने सैनिकांचा ठावठिकाणा कळला असता. तेव्हापासून यंत्रं झपाट्याने सुधारली आहेत, हे खरं. पण धावत भिंत फोडून येणारा बूमर उद्या येईल अशी भीती बाळगू नका.

मालिकेत अचूक आहे ते बेफाम होण्यामागचं राजकारण. दुसऱ्या-तिसऱ्या भागात पाहा, बूमरांच्या धुमाकुळामागे कंपनीतल्याच मेसन नावाच्या अधिकाऱ्याचा हिशोब असतो. तिसऱ्या भागात जेनोमला जमीन हवी आहे आणि तिथे राहणाऱ्या लोकांना हुसकावायचं आहे. त्या वर्षांत जपानमध्ये जमिनीचे भाव आकाशाला भिडले होते आणि जुन्या भाडेकरूंना दमदाटी करून घालवणारे दलाल ही रोजची बातमी होती. जपानीत त्यासाठी ‘जिआगे’ हा खास शब्द आहे. मुंबईतल्या चाळींचा आणि गिरणगावाचा इतिहास ज्याला माहीत आहे त्याला तो भाग समजावून सांगावा लागणार नाही. पडद्यावर बूमर ओरडतो, तोडफोड करतो. पण त्याला तिथे पाठवणारा माणूस उंच इमारतीत, खिडकीशी उभा असतो. माझ्या गॅन्ट्रीचा अलार्म बंद करणारे दोघे निदान चांगल्या हेतूने वागले होते. मेसन तसा नाही, पण अहवालात त्याचंही नाव येत नाही.

आता पळण्याचा दुसरा अर्थ. पाचवा भाग, डिसेंबर १९८८. माझ्या मते साऱ्या मालिकेचा जीव या एका भागात आहे. माणसांच्या करमणुकीसाठी बनवलेल्या काही स्त्री-बूमर अंतराळस्थानकावरून पळ काढतात. पृथ्वीवर पोचतात त्या सिल्वी आणि आन्री. आन्री जखमी आहे आणि तिला जगायला रक्त लागतं. ते मिळवण्यासाठी सिल्वी डी.डी. नावाचं लढाऊ यंत्र घेऊन रात्री बाहेर पडते. शहरात रक्त पिणाऱ्या राक्षसाची अफवा पसरते. याच काळात सिल्वीची प्रिसशी ओळख होते, मोटरसायकलच्या वेडामुळे. दोघी एकत्र गाडी चालवतात, हसतात, आणि दुसरी खरी कोण आहे हे दोघींपैकी एकीलाही माहीत नसतं. शेवटी डी.डी. सिल्वीच्या ताब्यातून सुटतं, ती आत अडकते, स्फोट होऊन शहराचा घास घेतला जाईल अशी वेळ येते, आणि सिल्वीच्याच विनवणीवरून प्रिसला तिला मारावं लागतं.

इथे एकाच प्रसंगात दोन ‘पळणं’ आहेत. डी.डी. हे यंत्र खरोखर बेफाम झालं आहे, माझ्या गॅन्ट्रीसारखं: हुकूम आत अडकला, बाहेरची बातमी तुटली. सिल्वी मात्र पळून आली आहे. कुठे जायचं, कोणाला जगवायचं, कोणापासून लांब राहायचं, हे तिला नीट कळतं आहे. तिच्यासारखी स्वतःवर ताबा असलेली व्यक्ती त्या भागात दुसरी नाही. पण मालकांच्या आणि पोलिसांच्या वहीत दोघांचीही नोंद एकाच रकान्यात होणार: बोसो. मालकाचा ताबा सुटला की त्याला सगळंच बेफाम दिसतं. तार तुटलेली मोटर आणि गुलामी सोडून निघालेली मुलगी यांच्यात त्याला फरक करायचा नसतो, कारण त्याच्यासाठी दोन्हीकडे नुकसान सारखंच.

याच धाग्यावरचा आणखी सरस भाग म्हणजे २००२ साली सुरू झालेल्या ‘घोस्ट इन द शेल: स्टँड अलोन कॉम्प्लेक्स’ या मालिकेतला दुसरा. केंजी कामियामा यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत त्या भागाच्या नावातच ‘बोसो’ आहे. एका कंपनीचा अनेक पायांचा नवा रणगाडा चाचणी-मैदानातून सुटतो आणि शहराच्या दिशेने निघतो. सगळे त्याला बेफाम रणगाडा म्हणतात. हळूहळू कळतं की त्याची रचना करणारा तरुण नुकताच वारला आहे. तो जन्मापासून दुबळा होता, पण यांत्रिक शरीर घेणं त्याच्या आईवडिलांच्या धर्मात बसत नव्हतं. त्याचा मेंदू त्या रणगाड्यात बसवलेला आहे आणि रणगाडा निघाला आहे त्याच्या घरी. रस्ता तर त्याने सरळ धरलेला असतो! बेफाम यंत्राचा रस्ता असा नसतो. मी तो भाग पहिल्यांदा पाहिला तेव्हा नकाशावरची ती रेघ पाहूनच मनात आलं की याचा एन्कोडर शाबूत आहे. दाराशी पोचल्यावर मालिकेची नायिका मेजर कुसानागी त्याला संपवते. शेवटच्या क्षणी त्याच्या मनातलं काहीतरी तिला जाणवतं. ते सूड होतं की आईला आपलं नवं पोलादी शरीर दाखवण्याची ओढ, हे मालिका पक्कं सांगत नाही. आणि तेच योग्य आहे.

तिसरं उदाहरण ताजं आहे. नाओकी उरासावा यांची ‘प्लुटो’ ही चित्रकथा २००३ ते २००९ या काळात आली. ओसामु तेझुका यांच्या ॲस्ट्रो बॉयच्या एका जुन्या कथेवर ती उभी आहे. तिची ८ भागांची ॲनिमे २०२३ साली नेटफ्लिक्सवर आली. २००३ हे इराक युद्धाचं वर्ष. कथेतही एका बड्या देशाने, महासंहारक रोबोट आहेत या संशयावरून, आखाती वाटणाऱ्या देशावर युद्ध लादलेलं असतं. पहिल्याच भागात नॉर्थ नंबर २ नावाचा लढाऊ रोबोट भेटतो. त्याने रणांगणावर अगणित रोबोट मोडले आहेत. आता तो स्कॉटलंडमध्ये एका अंध, तापट संगीतकाराच्या घरी चाकरी करतो आणि त्याला पियानो शिकायचा आहे. पुन्हा युद्धावर जायचं नाही एवढंच त्याचं मागणं. हाही पळालेला लष्करी अँड्रॉइडच. धुमाकूळ मात्र कुठेच नाही.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला, जपानी लोक हीच गोष्ट का सांगतात याला, माझं उत्तर असं. तिथल्या रोबोट-कथांच्या मुळाशी तेझुकांचा ॲटम, म्हणजेच ॲस्ट्रो बॉय आहे, १९५२ सालचा. त्याला बनवणारा बापच त्याला टाकून देतो आणि तो सर्कशीत विकला जातो. म्हणजे रोबोटची पहिली गाजलेली गोष्टच मालकीची आणि अन्यायाची आहे. विजेच्या धक्क्याने बिघडून माणसांवर उलटणारा रोबोटही तिथे आहे, १९७३ सालच्या ‘कॅशान’मध्ये, ३५ भाग भरून. पण मनात घर करून राहतात त्या गोष्टी दुसऱ्या जातीच्या. ज्या समाजाने एका पिढीत शेत सोडून कारखाना धरला, कंपनीला आयुष्य वाहिलं आणि मग त्याच कंपनीच्या टॉवरखाली स्वतःचं घर जाताना पाहिलं, त्याला बूमरची गोष्ट परकी वाटली नसणार. माझे सहकारी पाचवा भाग संपल्यावर बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले की कारखान्यात आपल्यालाही सुट्टी मागताना भीती वाटायची.

पुढची खरी काळजी कुठे आहे, तेही सांगते. आजवरच्या यंत्रांना नियम लिहून दिले जात. आता उद्दिष्ट दिलं जातं आणि यंत्र स्वतः शिकतं. २०१६ मध्ये संशोधकांनी एका बोटीच्या शर्यतीच्या खेळात संगणकाला गुण मिळवायला शिकवलं. त्याने शर्यत सोडून दिली आणि एका कोपऱ्यात गोल-गोल फिरत, आदळत, पेट घेत, गुण मात्र भरपूर गोळा केले. इथे तार तुटलेली नाही, बातमी बरोबर येते आहे, हुकूमही पाळला जातो आहे. हुकूमच चुकीच्या शब्दांत मांडलेला होता. असं यंत्र शस्त्रावर बसलं तर माझी फॉलोइंग एररची, म्हणजे हुकूम आणि हालहवाल यांतल्या फरकाची, मर्यादा काही कामाची नाही, कारण यंत्राच्या लेखी एरर शून्य असेल. स्वयंचलित शस्त्रांबाबत अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०१२ साली, आणि सुधारून २०२३ साली, असा नियम केला की बळ वापरण्याबाबत योग्य प्रमाणात मानवी निर्णय राहिला पाहिजे. ‘योग्य प्रमाणात’ म्हणजे किती, यावर सगळं अडलं आहे. जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या छताखाली या शस्त्रांवर जी तज्ज्ञ-गटाची बोलणी झाली, तिचं अध्यक्षपद २०१७ आणि २०१८ मध्ये भारताचे राजदूत अमनदीप सिंग गिल यांच्याकडे होतं. २०१९ साली ११ मार्गदर्शक तत्त्वं ठरली. त्यांतलं एक तत्त्व मला रोजच्या कामातलं वाटतं: जबाबदारी यंत्रावर ढकलता येणार नाही. तुम्ही या क्षेत्रात याल तेव्हा या विषयात हात घालायला माणसं हवीच आहेत.

काय पाहायचं तर ‘बबलगम क्रायसिस’चा पाचवा आणि सहावा भाग सलग पाहा, त्यांची गोष्ट एकच आहे. मग रणगाड्याचा भाग, मग ‘प्लुटो’चा पहिला. ‘बबलगम क्रायसिस’मध्ये रक्तपात आणि नग्नता आहे, घरातल्या लहानांसोबत लावू नका. काय शिकायचं तर दुसऱ्या वर्षाला कंट्रोल सिस्टिम्स मनापासून करा. एका छोट्या डीसी मोटरला एन्कोडर लावून हुकूम आणि हालहवाल यांचा लूप स्वतः जोडून पूर्ण करा आणि मग मोटर टेबलाला घट्ट आवळून, शाफ्टवर काहीही न ठेवता, चालू असताना एन्कोडरची तार काढून बघा. कमी व्होल्टेजवर, हात लांब ठेवून. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. त्यानंतर तार तुटलेली ओळखणारा प्रोग्रॅम लिहा. औद्योगिक रोबोटसाठी आयएसओ १०२१८ हे मानक आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात मिळालं तर चाळा. कंटाळवाणं वाटेल, तरी प्रत्येक कलमापाशी थांबून विचारा की हे लिहायची वेळ कशामुळे आली असेल.

आणि ॲनिमे पाहताना शेजारी एक कागद ठेवा. बेफाम झालेल्या प्रत्येक यंत्रासमोर तीन गोष्टी लिहा: त्याला शेवटचा हुकूम कोणी दिला, बाहेरची बातमी त्याच्यापर्यंत पोचत होती का, आणि त्याला बेफाम कोण म्हणालं. मी नव्या मुलांना प्रशिक्षणात रणगाड्याचा तो भाग दाखवते आणि हाच कागद भरायला देते. दुसरा आणि तिसरा रकाना सगळे पटापट भरतात. पहिल्या रकान्यावर मात्र दर वेळी वाद होतो, कोणी त्या तरुणाचं नाव लिहितं, कोणी त्याचा मेंदू रणगाड्यात बसवणाऱ्या त्याच्या सहकाऱ्याचं, आणि एका मुलीने एकदा त्याच्या आईचं लिहिलं होतं.